१२८वं गोदाम

मला प्रोग्रामर म्हणून पगार मिळायला लागून आता ९ वर्षं होतील आणि त्यातली निम्मी तरी वर्षं मी ह्या भीतीत काढलीयेत की एक दिवस कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणेल, हिला काही येत नाही, हिला घेतलं कोणी? तसं कोणी म्हणालं नाही. पण १२८वं गोदाम आलं.

आमचं प्रॉडक्ट म्हणजे वितरकांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर. बिस्किटं, साबण, दूध, असलं काहीही दुकानांना पोचवणारे लोक, त्यांची गोदामं, गाड्या, जीएसटीची बिलं, उधारी. २०२२ च्या पावसाळ्यात मी त्यात एक छोटं फीचर केलं. माणूस ज्या गोदामाचा आहे त्याला फक्त त्याच गोदामाची बिलं दिसली पाहिजेत. म्हणजे दोन आयडी घ्यायचे, सारखे आहेत का बघायचं, असतील तर बिल दाखवायचं. एवढंच! माझ्या लॅपटॉपवर चाललं, टेस्टिंगला चाललं, लाइव्ह गेलं, तीन आठवडे मस्त चाललं आणि मग एका मंगळवारी सपोर्टवाल्यांचा फोन, की नवीन ग्राहकांना स्वतःचीच बिलं दिसत नाहीयेत. जुन्यांना सगळं दिसतंय, नवीन जोडलेल्यांना कोरी स्क्रीन.

दोन दिवस मी त्यावर बसले. परमिशन बघितल्या, कॅश (म्हणजे सर्व्हरने तात्पुरता साठवलेला डेटा) रिकामी केली, सर्व्हर रीस्टार्ट करून घेतला, मग परत रीस्टार्ट करून घेतला, नवीन ग्राहक जोडायचा कोड दुसऱ्याच टीमचा होता म्हणून त्यांनाही कामाला लावलं (त्यांनी तो अर्धा दिवस मला अजून माफ केलेला नाही). बुधवारी संध्याकाळी शेजारचा मुलगा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी ज्युनियर, चहाला चल म्हणायला आला आणि माझ्या स्क्रीनकडे बघत उभ्या उभ्या म्हणाला, "मॅम, हे दोन्ही लाँग आहेत ना, मग डबल इक्वल का लावलंय?"

ज्यांना जावा माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. जावात मोठ्या एलचा लाँग म्हणजे नुसता आकडा नसतो, आकडा ठेवलेली डबी असते. डबल इक्वल विचारतं की ह्या दोन्ही एकच डबी आहेत का. आतला आकडा सारखा आहे का हे विचारायचं तर इक्वल्स वापरायचं. आता गंमत अशी की जावा स्वतःच्या सोयीसाठी उणे १२८ ते १२७ पर्यंतच्या डब्या आधीच करून ठेवतं आणि तेवढ्या आकड्यांना दरवेळी तीच डबी देतं, त्यामुळे तिथपर्यंत डबल इक्वल चुकून बरोबर उत्तर देतं. १२८ पासून पुढे दरवेळी नवी डबी. गोदामांचं टेबल आम्ही नवीनच केलं होतं, आयडी १ पासून सुरू, टेस्टिंगला गोदामं ८. त्यामुळे १२७ गोदामांपर्यंत मी हुशार होते.

आणि हे सांगायला मला आजही कसंतरी होतं, माझा एडिटर त्या ओळीवर पहिल्या दिवसापासून पिवळं करून हेच सांगत होता. मला त्या पिवळ्याची इतकी सवय झाली होती की ते दिसायचंच बंद झालं होतं.

फिक्स एका ओळीचा होता. तो टाकला आणि खाली जाऊन टपरीसमोर कुणाच्या तरी ॲक्टिव्हावर पाऊण तास बसून राहिले. चूक होते, सगळ्यांची होते, तेवढ्याने कोणी ॲक्टिव्हावर पाऊण तास बसत नाही. मला बसवलं ते "चला, आज पुरावा मिळाला" ह्या भावनेने.

पुरावा कशाचा, तर थोडं मागे जाते. मी इचलकरंजीची. वडील, म्हणजे अप्पा, यंत्रमागावर जॉबर, माग बिघडला की दुरुस्त करणारे, घरात इंजिनियर होणारी मी पहिलीच. कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्स, पण २०१६ ला कॅम्पसला आलेल्या आयटी कंपनीने घाऊक भरती केली त्यात मीही उचलली गेले. तीन महिने ट्रेनिंग, त्यात जावा पाठ केलं, परीक्षा दिली, विसरले. मग टाकलं सपोर्ट प्रोजेक्टला. तिथे चार वर्षं माझं काम म्हणजे टिकेट (तक्रारीची किंवा कामाची नोंद) आलं की ठरलेली स्क्रिप्ट चालवायची, नाही चालली तर रीस्टार्ट करायचं, तरी नाही झालं तर पुढच्या टीमला मेल टाकायचा. कोड लिहायचा संबंधच नाही. २०२१ मध्ये बाणेरच्या ह्या छोट्या कंपनीत आले तेव्हा रेझ्युमेवर जावा चार वर्षं असं लिहिलं होतं आणि ते लिहिताना हात थरथरला नव्हता, नंतर रोज थरथरायचा.

इथे आल्यावर मी लपायला शिकले. रोज सकाळच्या स्टँडअपला (कोणाचं काम कुठवर आलंय ते सांगायची छोटी मीटिंग) "ऑलमोस्ट झालंय, थोडं टेस्टिंग बाकी आहे" हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणलंय की लग्नात उखाणा घ्यायला सांगितलं असतं तर तेच तोंडातून आलं असतं. खरं म्हणजे तेव्हा मी सुरुवातही केलेली नसायची, टिकेट वाचून पोटात गोळा आलेला असायचा. दिवसभर कोणाला विचारायचं नाही, रात्री घरी नेटवरून उत्तर उचलायचं, चालेपर्यंत ओळी इकडच्या तिकडे करायच्या, चाललं की हात लावायचा नाही, का चाललं ते विचारायचं नाही. मीटिंगमध्ये लोक "आयडेम्पोटंट" म्हणायचे, मी मान हलवायचे. एक वर्ष हलवली. (तीच रिक्वेस्ट दोनदा आली तरी परिणाम एकदाच व्हायला पाहिजे, बिल दोनदा कापलं जाता कामा नये, एवढाच अर्थ. एक मिनिट लागलं असतं विचारायला.) आणि रविवार संध्याकाळ तर नकोच, चार वाजले की छातीत काहीतरी सुरू व्हायचं.

एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, अगं तुला इम्पोस्टर सिंड्रोम आहे, सगळ्यांनाच असतो. मी त्यावर बरंच वाचलं. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स ह्या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी पहिल्यांदा ह्यावर लिहिलं आणि त्यांनी ज्यांचा अभ्यास केला त्या खरोखर कर्तबगार बायका होत्या, पदव्या, मान, सगळं असून त्यांना वाटायचं की आपण लोकांना फसवतोय. वाचून बरं वाटेल अशी अपेक्षा होती पण मला उलट जास्तच वाईट वाटलं. कारण त्यांना काम येत होतं आणि येत नाही असं वाटत होतं. मला खरंच येत नव्हतं! माझ्या चुका मनातल्या नव्हत्या, लाइव्ह सर्व्हरवर होत्या. अजूनही कोणी बिचाऱ्या नवीन पोराला लगेच "इम्पोस्टर सिंड्रोम असेल रे" म्हणून मोकळं होतं तेव्हा मला वाटतं, आधी विचारा की त्याला अडतंय कुठे. कदाचित त्याला नुसता धीर नकोय, कोणीतरी तासभर शेजारी बसायला पाहिजे असेल.

गोदामानंतर मी ठरवलं की सुधारायचं. आणि पुढचे चार-पाच महिने सुधारण्याच्या नावाखाली जे काय केलं त्याची यादी करायला लाज वाटते तरी सांगते. सेलमध्ये ४४९ रुपयांना एक असे ११ ऑनलाइन कोर्स घेतले, पूर्ण झाला १, एक अर्धा. एडिटरची थीम काळी केली. मेकॅनिकल कीबोर्ड घेतला, त्याच्या आवाजाने शेजारचा वैतागला. व्हिम नावाचा, नुसत्या कीबोर्डवर चालणारा एडिटर शिकायला घेतला, तीन दिवस बाहेर कसं पडायचं ह्यातच गेले. मग कोणीतरी म्हणालं की खरा प्रोग्रामर व्हायचं तर लीटकोड कर (प्रोग्रामिंगची कोडी सोडवायची वेबसाइट), म्हणून रोज सकाळी सहाला उठून लीटकोड. ६० प्रॉब्लेम सोडवले, म्हणजे खरं सांगायचं तर २५ सोडवले आणि बाकीच्यांची उत्तरं बघून "हां हां, असंच करणार होते" म्हणलं. ॲरे, ट्री, ग्राफ. वाईट काही नाही त्यात, इंटरव्ह्यूला उपयोग होतोच. पण ऑफिसात माझे बग जेवढे होते तेवढेच राहिले, फक्त आता मी झोपही कमी घेत होते त्यामुळे दुपारी अजून दोन वाढायचे.

घरी फोनवर एकदा सगळं ओकले. अप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सोड की. दुसरं काय तरी बघ." बास. मला वाटलं होतं काहीतरी समजावतील.

वळण आलं ते कुठून, तर टेस्टिंगमधून. आमच्याकडे एक टेस्टर आहेत, पंधरा वर्षं हेच काम केलेल्या, मी त्यांना ताई म्हणते, ऑफिसात असं कोणी म्हणत नाही पण म्हणते. त्यांची सगळ्यांना भीती वाटते कारण त्या बग लिहितात तो वकिलाच्या नोटिशीसारखा, पॉइंट टू पॉइंट, पळायला जागा नाही. नोव्हेंबरमध्ये जेवताना मी सहज म्हणाले की ताई, तुम्हाला माझा कंटाळा येत असेल ना, सगळे बग माझेच. तर त्या म्हणाल्या, "सगळे नाहीत गं. पण तुझा बग मला नाव न बघता ओळखू येतो."

म्हणलं म्हणजे?

"बाकीच्यांचे कुठेही असतात. तुझे कडेला असतात. मधलं कापड एकदम नीट आणि कडा उसवलेल्या."

मला पोळी गिळेना. पण त्यांनी जेवण झाल्यावर खरंच मला त्यांच्या जागेवर नेलं, बग ट्रॅकरमध्ये माझ्या नावाने फिल्टर लावला, वर्षभराचे ३१ बग. आणि आम्ही दोघींनी बसून एकेक उघडून त्याला एक शब्द लावला. १२ निघाले "रिकामं", म्हणजे ग्राहकाला जीएसटी नंबरच नाही, यादीत एकही वस्तू नाही, फोनचा रकाना कोरा, अशा वेळी माझा कोड तोंडावर आपटायचा. ७ तारखांचे. ५ पैशांचे, राउंडिंगचे. ४ टिकेट नीट न वाचल्याचे, हे ताईंनी जरा जोरात वाचलं. उरले ३, ते खरोखर अवघड होते, ताई म्हणाल्या हे कोणाकडूनही झाले असते.

मी त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसले. ३१ मध्ये एकही बग असा नव्हता की जो मला ग्राफ किंवा डायनॅमिक प्रोग्रामिंग येत नाही म्हणून झालाय. एकही नाही! मी पहाटे सहाला उठून ज्याचं औषध घेत होते तो रोग मला नव्हताच. आणि दुसरं म्हणजे "मी वाईट प्रोग्रामर आहे" ह्या वाक्याचं काहीच करता येत नाही, ते डोक्यावर नुसतं बसून राहतं, पण "हिला रिकाम्या गोष्टींचा विचार सुचत नाही" ह्याचं उद्या सकाळी काहीतरी करता येतं.

त्याच संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानातून २०० पानी वही घेतली, वर काही लिहिलं नाही. चुकांची वही. उभ्या रेघा मारून चार रकाने केले: काय दिसलं, मला काय वाटलं, काय निघालं, आधी कळलं असतं का आणि कशाने. ह्यातला दुसरा रकाना सगळ्यात छळणारा, कारण तो उत्तर सापडायच्या आधी भरायचा, पेनाने. नाहीतर आपण स्वतःला फसवतो, उत्तर कळल्यावर वाटतं की मला संशय होताच. माझ्या पहिल्या २० नोंदींमध्ये १४ वेळा मी दोष सर्व्हरला, कॅशला नाहीतर लायब्ररीला दिलाय. एकदाही त्यांचा नव्हता. हे वाचून मीच हसले, बऱ्याच दिवसांनी कामावरून हसले.

रिकाम्यांचं काम सगळ्यात लवकर आटोक्यात आलं. कोड लिहायच्या आधीच टिकेटखाली मी कमेंट टाकायला लागले: यादी रिकामी असेल तर काय, नंबर नसेल तर काय, दोनदा दाबलं तर काय. निम्म्या वेळा उत्तर प्रॉडक्टवाल्यांकडेही नसायचं. तेच मला येऊन विचारायला लागले, हे तुझ्या लक्षात कसं येतं म्हणून. मी काय सांगणार, १२ वेळा आपटून.

पैशांनी मात्र छळलं. कॉम्प्युटर दशांश आकडे आपल्यासारखे ठेवत नाही, बायनरीत ठेवतो आणि ०.१ सारखा साधा आकडा त्याला बायनरीत पूर्ण मांडताच येत नाही. त्यामुळे डबलमध्ये (जावात दशांश आकडे ठेवायचा नेहमीचा प्रकार) ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं. १.००५ ला १०० ने गुणलं तर १००.५ यायला पाहिजे, येतं १००.४९९९९९९९९९९९९९, मग राउंड केलं की १०१ च्या जागी १००. एक पैसा गेला. एका पैशाने काय होतंय असं मलाही वाटायचं, पण सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगळे काढायचे, प्रत्येक वस्तूवर राउंड करायचं की शेवटी बेरजेवर, हजार ओळींचा हिशोब, आणि वितरकाचा अकाउंटंट तो पैसा सापडेपर्यंत झोपत नाही. तर पैशांसाठी डबल वापरायचं नाही, दशांश आकडा जसाच्या तसा ठेवणारं बिगडेसिमल वापरायचं, हे शिकले, सगळीकडे बदललं. आणि गोदामाच्या धड्यामुळे अगदी आठवणीने डबल इक्वलच्या जागी इक्वल्स लावलं. परत बग! कारण बिगडेसिमलमध्ये इक्वल्सला २.० आणि २.०० हे वेगळे वाटतात, दशांशानंतर किती घरं आहेत तेही ते मोजतं, तिथे कंपेअरटू वापरावं लागतं. म्हणजे मागच्या चुकीतून घेतलेला धडाच पुढची चूक झाला. वहीत त्या नोंदीपुढे मी नुसता उद्गारवाचक काढलाय.

तारखांची गोष्ट मला स्वतःला आवडते म्हणून जरा सविस्तर. आमचा सर्व्हर यूटीसीवर चालतो, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. १ एप्रिल २०२३, शनिवार, सकाळी नऊला फोन. एका दूध वितरकाची त्या दिवशीची बिलं जुन्या वर्षाच्या नंबरांनी निघाली होती. बिलांचे नंबर आर्थिक वर्षागणिक चालतात, १ एप्रिलला नवीन मालिका सुरू व्हायला पाहिजे. साबणवाल्याला काही फरक पडला नाही कारण तो दहाला शटर उघडतो. पण दूधवाल्याच्या गाड्या पहाटे तीनला निघतात आणि पहाटे तीनला माझ्या सर्व्हरच्या मते अजून ३१ मार्चची रात्र साडेनऊच वाजली होती. आर्थिक वर्ष ठरवणारा कोड कोणाचा, माझा. जुना, वहीच्या आधीचा, पण माझाच.

फरक इतकाच की ह्यावेळी सर्व्हर रीस्टार्ट करा असं मी कोणालाही म्हणाले नाही. वहीत तारखांची पानं होती, त्यात "मला काय वाटलं" खाली आधीच दोनदा "यूटीसी?" लिहिलं होतं. बिलांच्या वेळा बघितल्या, साडेपाचच्या आतली सगळी चुकलेली, साडेपाचनंतरची सगळी बरोबर. २० मिनिटांत सापडलं. तारीख ठरवायच्या आधी वेळ आशिया/कोलकाता झोनमध्ये आणायची, एवढा फिक्स. चुकलेली बिलं निस्तरायला मात्र पूर्ण शनिवार गेला आणि वितरकाच्या शिव्या आमच्या टीम लीडने खाल्ल्या, माझ्यापर्यंत येऊ दिल्या नाहीत, हे मला नंतर कळलं.

शोधायची पद्धत बदलली हा खरा मोठा भाग आहे पण सांगायला तितका मजेदार नाही. पूर्वी एरर आला की ते लांबलचक लाल वाचायचं सोडून मी थेट कोडमध्ये घुसायचे आणि जे संशयास्पद दिसेल ते बदलायचे. आता आधी शेवटचं "कॉज्ड बाय" शोधते, मूळ कारण बहुतेक वेळा तिथे असतं, वरचं सगळं त्याचंच रडगाणं. एका वेळी एकच गोष्ट बदलते. आणि कधीतरी चालत होतं आणि आता चालत नाही असं असेल तर गिट बायसेक्ट. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, अशी एक नोंद म्हणजे कमिट. हे मला ७ वर्षं माहिती नव्हतं हे लिहायलाही संकोच वाटतो. चालणारा जुना कमिट सांगायचा, बिघडलेला नवा सांगायचा, ते मधोमध नेऊन उभं करतं, तिथे चालतंय का सांगायचं, परत निम्मं. आमच्या एका प्रकरणात मध्ये ६०० च्या आसपास कमिट होते, १० वेळा तपासून नेमका कमिट हातात. मी एरवी दोन दिवस अंदाज लावले असते. अप्पा मागाचं काम कसं करायचे, आधी पाना न उचलता नुसता कान देऊन उभे राहायचे, हे मला तेव्हा आठवायला पाहिजे होतं. आठवलं नाही. आत्ता लिहिताना आठवतंय.

विचारायचं शिकणं ह्याहून अवघड गेलं. मी स्वतःला ४० मिनिटांचा नियम घातला, ४० मिनिटं अडकले की विचारायचं, पण विचारताना काय दिसतंय, मी काय काय करून बघितलं आणि मला काय वाटतंय हे तीन ओळींत लिहून मगच. पहिल्या दिवशी तो मेसेज टाईप करून मी १५ मिनिटं एंटर दाबला नव्हता. गंमत म्हणजे बऱ्याच वेळा तिसरी ओळ लिहितानाच उत्तर सुचतं आणि मेसेज जातच नाही. लीडला हे सांगितलं तर ते म्हणाले, मला वाटायचं तुला कधी काही अडतच नाही, म्हणून मी तुझ्याकडे बघतच नव्हतो. दीड वर्ष मी लपले आणि मी लपलेय हे कोणाच्या गावीही नव्हतं!

वही चालू केल्यावर काही महिन्यांनी मला डोनाल्ड कनूथबद्दल कळलं. टेक नावाचं टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस, संगणकशास्त्रातलं फार मोठं नाव. त्याने १९७८ पासून त्या प्रोग्राममधल्या स्वतःच्या चुकांची नोंद ठेवली आणि १९८९ मध्ये त्यावर चक्क लेख लिहिला. प्रत्येक चुकीला एक अक्षर, १५ प्रकार, त्यात एक सरळसरळ "घोडचूक" ह्या अर्थाचा, एक "विसरलो" ह्या अर्थाचा. आणि त्याच्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला तो २.५६ डॉलरचा चेक द्यायचा. माझी वही म्हणजे काही त्याची वही नाही पण त्या दिवशी मी माझ्या नोंदींपुढे अक्षरं लिहायला लागले. "रि" रिकामं, "ता" तारीख, "पै" पैसे, "वा" वाचलं नाही. "घो" पण आहे.

असंच कोणीतरी दिलासा म्हणून मला जावाच्या बायनरी सर्चची गोष्ट सांगितली. बायनरी सर्च म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध बघायचं, निम्मी यादी सोडायची, परत मधोमध बघायचं. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत बायनरी सर्चमध्ये एक बग जवळपास ९ वर्षं होता. दोन टोकांची बेरीज करून निम्मं करायचं, पण ती बेरीज २१४७४८३६४७ च्या वर गेली की आकडा उलटून उणे होतो. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉकने, म्हणजे ज्याने तो कोड लिहिला त्यानेच, हे जाहीरपणे सांगितलं. छानच गोष्ट आहे. पण त्याचा बग लागायला १०० कोटींहून मोठा ॲरे, म्हणजे यादी, लागायचा आणि माझ्या बगाला १२८ गोदामं पुरली, त्यामुळे दिलासा घेताना जरा बेतानेच घेतला.

एआयचं विचाराल तर वापरते, आता सगळेच वापरतात. पण एकदा त्याने लिहिलेला कोड मी रिव्ह्यूला टाकला आणि लीडने विचारलं ही ओळ का आहे, तेव्हा माझ्या पोटात तोच जुना गोळा आला, रात्री उत्तर उचलून आणायचे तेव्हासारखा. तेव्हापासून आधी दुसरा रकाना स्वतः भरायचा, मग त्याला विचारायचं. घाईत असले की हा नियम मोडते. मोडला की बहुतेक वेळा वहीत नोंद होते.

किती सुधारले? २०२४ मध्ये ताईंनी माझ्या नावावर १४ बग लिहिले, त्यात "रिकामं" २. अप्रेझलला मात्र तेच "मीट्स एक्स्पेक्टेशन्स", पगारवाढ बाकीच्यांइतकीच. तो ज्युनियर मुलगा अजूनही माझ्यापेक्षा फास्ट आहे, तो एका दिवसात करतो ते मला दोन दिवस लागतात, पूर्वी ह्याने झोप उडायची, आता फक्त अंदाज देताना दोन दिवस म्हणून सांगते. रविवारी चारला छातीत होतं ते अजून कधीकधी होतं. महिन्यातून एखाद्या रविवारी.

मागच्या आठवड्यात ताई माझ्या जागेवर आल्या, लॅपटॉप उघडाच हातात. एका ग्राहकाचं बिल पीडीएफमध्ये निघालं की दुकानाच्या नावातला रफार उडतोय, "स्वर्ण" चं "स्वण" होतंय. "हा तुझ्याकडे नाही द्यायचा, कोणाचा आहे ते शोधून दे फक्त. तुझा नाही वाटत, तुझी सही नाही ह्याच्यावर." मला जरा अभिमानच वाटला. गिट ब्लेम लावलं, ते कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवतं. ती ओळ माझी, मार्चमधली, पीडीएफला मराठी फॉन्ट मीच जोडला होता आणि इंग्रजी नाव टाकून टेस्ट केलं होतं. ताईंना हाक मारली, त्यांनी स्क्रीन बघितली, चष्मा वर केला आणि खुर्ची ओढून बसल्या. वहीत ह्याला बसेल असं अक्षर नव्हतं, दोघींनी मिळून नवीन ठरवलं. "र" वर रफार.